आकृतीचा क्रमांक आणि आकृतीचे नाव : प्रस्तावना

१

परभणीत कृषी विद्यापीठ आहे, म्हणून परभणीत प्रबंध आहेत. आणि प्रबंध आहेत म्हणून ते टाइप करणारे, मांडणारे, छापणारे आणि बांधणारे हातही आहेत. इथले कृषी महाविद्यालय १९५६चे. १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि २०१३पासून ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. ज्वारी, सोयाबीन, कापूस, तूर, हळद यांच्यावर इथल्या शेतांत प्रयोग होतात आणि त्यांचे निष्कर्ष दर वर्षी पदव्युत्तर आणि आचार्य पदवीच्या प्रबंधांत उतरतात. त्यातले निवडक पुढे घडीपत्रिकांत, विद्यापीठाच्या ‘शेतीभाती’ मासिकात, प्रशिक्षणाच्या पुस्तिकांत मराठीतून शेतकऱ्यापर्यंत जातात. या सगळ्या मजकुरात आकृत्या असतात, छायाचित्रे असतात, तक्ते असतात, नकाशे असतात. आणि जिथे आकृती असते तिथे मजकुरात कुठेतरी एक वाक्य असते : ‘आकृती ४.३ वरून असे दिसून येते की…’

ही पुस्तिका त्या एका वाक्यातल्या ‘४.३’बद्दल आहे. तो आकडा तिथे कसा येतो, का चुकतो, चुकला तर काय बिघडते आणि तो चुकू नये म्हणून काय करायचे, एवढाच तिचा विषय. विषय लहान आहे, पण प्रबंध मांडण्याच्या कामात सर्वात जास्त रात्री जातात त्या याच आकड्यापायी. गेली अनेक वर्षे मी हेच काम करत आलो आहे. संशोधन उत्तम, भाषा नेटकी, छपाई स्वच्छ आणि तरीही संदर्भ चुकीच्या आकृतीकडे बोट दाखवणारा, असे प्रबंध माझ्या हाताखालून गेले आहेत. विद्यार्थ्याला ते कळलेले नसते आणि मार्गदर्शकांच्या नजरेतूनही निसटलेले असते, कारण वाचताना आपण ‘आकृती ४.३’ हे शब्द वाचतो आणि पुढे जातो. पान उलटून खरेच ती आकृती पाहणारा वाचक क्वचित असतो. पण प्रबंध असतो तो त्याच वाचकासाठी.

२

संदर्भ चुकतो तो निष्काळजीपणाने, असा सर्वसाधारण समज आहे. माझा अनुभव वेगळा आहे. काळजीने काम करणाऱ्यांचेही संदर्भ चुकतात, कारण कामाची पद्धतच चूक घडवणारी असते. एक नेहमीचे उदाहरण घेऊ.

कृषिविद्या विषयाचा प्रबंध आहे. तिसरा अध्याय ‘साहित्य आणि पद्धती’चा. त्यात पहिली आकृती हंगामातल्या साप्ताहिक हवामानाची : पाऊस, कमाल-किमान तापमान, आर्द्रता, हवामान-आठवड्यांप्रमाणे. ती ३.१. दुसरी आकृती प्रयोगाच्या मांडणीच्या आराखड्याची : कोणत्या वाफ्यात कोणती प्रक्रिया, किती पुनरावृत्त्या, वाफ्याचे माप काय. ती ३.२. चौथ्या अध्यायात निष्कर्षांची चर्चा करताना या दोन आकृत्यांचा उल्लेख ठिकठिकाणी होतो : पेरणीनंतर पावसाने ओढ दिली, पहा आकृती ३.१, कडेच्या वाफ्यांची वाढ वेगळी दिसली, पहा आकृती ३.२. प्रबंध टाइप झाला, प्रूफ तपासून झाले. मग मार्गदर्शक म्हणतात, अध्यायाच्या सुरुवातीला प्रयोगक्षेत्राचा नकाशा हवा.

नकाशा आला, तो ३.१ झाला. हवामान ३.२ झाले, आराखडा ३.३ झाला. आता मजकुरातले जुने आकडे बदलायचे. टाइप करणारा माणूस संगणकाला ‘शोधा आणि बदला’ असे सांगतो. आधी ३.१च्या जागी ३.२. मग ३.२च्या जागी ३.३. आणि इथेच घात होतो. पहिल्या फेरीनंतर हवामानाचे आणि आराखड्याचे, दोन्हींचे उल्लेख ३.२ झालेले असतात. दुसऱ्या फेरीत ते दोन्ही ३.३ होतात. अनुभवी माणूस म्हणून उलटा चालतो : आधी शेवटचा आकडा बदलायचा, मग त्याच्या आधीचा, असे करत पहिल्यापर्यंत यायचे.

पण उलटे चालूनही सुटका नाही. ‘शोधा आणि बदला’ला आकृती काय आणि उत्पादन काय, हे कळत नाही. त्याला दिसते फक्त अक्षरांची ओळ. तक्त्यात एका प्रक्रियेचे धान्य उत्पादन हेक्टरी २३.१५ क्विंटल दिलेले असेल, तर त्या संख्येच्या पोटात ‘३.१’ आहेच. एका कळीसरशी ते २३.२५ क्विंटल होते. झाडाची उंची, शेंगांची संख्या, क्रांतिक फरक, कशातही हे घडू शकते, आणि घडले तरी कुठे काही खटकत नाही, कारण २३.२५ ही संख्या २३.१५ इतकीच विश्वासार्ह दिसते. शेतात उन्हातान्हात घेतलेले मोजमाप शेवटच्या रात्री आकृतीचा क्रमांक बदलताना बदलून जाते.

मग शहाणा माणूस नुसता ‘३.१’ शोधत नाही, ‘आकृती ३.१’ शोधतो. त्याने तक्ते वाचतात. पण ‘आकृती ३.१ व ३.२’ असे लिहिले असेल तर त्यातला दुसरा आकडा तसाच राहतो. कुठे ‘आकृती’ आहे, कुठे ‘आ. क्र.’, कुठे ‘आकृती क्रमांक’. इंग्रजी प्रबंध असेल तर ‘फिग.’, ‘फिगर’ आणि ‘फिग्ज’. प्रत्येकाची वेगळी फेरी. अध्यायात दहाच्या वर आकृत्या असतील तर ‘आकृती ३.१’च्या फेरीत ३.१०, ३.११, ३.१२ हेही सापडतात आणि ३.२०, ३.२१, ३.२२ होऊन बसतात. मराठी मजकुरात आणखी एक भर : कुठे देवनागरी ३.१ तर कुठे इंग्रजी अंकांत तेच. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच, पण संगणकाच्या लेखी ती वेगवेगळी अक्षरे आहेत. एकाचा शोध घेतला तर दुसरे सापडत नाही.

हे सगळे टाळण्याचा मार्ग ‘जास्त काळजी घ्या’ हा नाही. आकडा हाताने लिहायचाच नाही, हा आहे.

३

आपण मजकुरात ‘आकृती ३.१’ लिहितो तेव्हा आपल्याला ३.१ या आकड्याबद्दल काही म्हणायचे नसते. आपल्याला म्हणायचे असते त्या हंगामातल्या पावसाच्या आलेखाबद्दल. आकडा ही त्या आलेखाची आजची जागा आहे. उद्या मध्ये नकाशा आला की जागा बदलेल, आलेख तोच राहील. म्हणून संदर्भ जागेला न बांधता वस्तूला बांधला पाहिजे. आकृतीला एक न बदलणारे नाव द्यायचे, मजकुरात त्या नावाने तिला हाक मारायची, आणि छापताना त्या नावाच्या जागी त्या वेळचा क्रमांक घालण्याचे काम यंत्रावर सोपवायचे. या पुस्तिकेत जे काही आहे ते एवढ्या एका कल्पनेतून निघाले आहे.

ही कल्पना संगणकाबरोबर आली असे नाही. मराठीत तिचे भव्य उदाहरण आपल्यासमोर आहे. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. पुढचे खंड अनेक दशके येत राहिले. अशा ग्रंथात एका नोंदीतून दुसऱ्या नोंदीकडे वाचकाला पाठवायचे तर पानाचा क्रमांक देणे शक्यच नव्हते, कारण ज्या खंडात ती नोंद येणार होती तो अजून जुळणीलाही गेलेला नव्हता. म्हणून विश्वकोशाने नोंदीच्या नावाने संदर्भ दिले. नोंदीचे शीर्षक आणि बाण, किंवा शेवटी ‘पहा’ आणि पुढे शीर्षक. खंड कोणताही येवो, पान कोणतेही पडो, शीर्षक अकारविल्हे आपल्या जागी सापडतेच. खिळ्यांच्या जुळणीच्या काळात संपादकांनी काढलेला हा मार्ग आणि आज संगणक आकृतीला देतो ती खूण, यांच्यामागचे तत्त्व एकच आहे.

आपल्या भागातल्या माणसाला हे समजावून सांगायला सातबारा सर्वात सोयीचा. सातबाऱ्यावर फेरफाराचा क्रमांक लिहिलेला असतो. तो वाचकाला गाव नमुना सहाकडे, म्हणजे फेरफाराच्या नोंदीकडे पाठवतो : ही जमीन या नावावर कशी आली ते तिथे पाहा. हा आकडा चुकला तर कागद दिसायला जसाच्या तसा असतो, पण हक्काची साखळी तुटते. सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले त्या गावांत जुन्या खरेदीखतातला आकडा आणि नवा आकडा यांची सांगड घालताना लोकांना किती हेलपाटे पडतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला जागेचा आकडा बदलला की त्याच्यावर टांगलेल्या सगळ्या गोष्टी कशा लोंबकळतात ते वेगळे सांगावे लागत नाही.

४

चुकीच्या संदर्भाने प्रबंधाला गुण कमी पडतील, तोंडी परीक्षेत एखादा प्रश्न अडचणीचा होईल, एवढ्यावर हे थांबत असते तर पुस्तिका लिहिण्याची निकड नव्हती. थांबत नाही, म्हणून लिहिली.

नवीन लष्करी अळीचे उदाहरण घ्या. मक्यावरची ही कीड भारतात २०१८ साली प्रथम आढळली आणि लवकरच महाराष्ट्रात पोहोचली. ती ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत : डोक्यावर इंग्रजी वाय अक्षराच्या उलट्या आकाराची फिकट खूण, आणि शरीराच्या शेवटून दुसऱ्या वलयावर चौकोनात बसलेले चार काळे ठिपके. ज्वारीवर येणारी आपली जुनी लष्करी अळी वेगळी. या दोघींत फरक कसा करायचा ते शब्दांत सांगता येते, पण शेतकरी ओळखतो ते चित्र पाहून. घडीपत्रिकेत दोन्ही अळ्यांची छायाचित्रे शेजारी छापलेली असतात आणि मजकूर म्हणतो, ‘डोक्यावरील खूण छायाचित्र २ मध्ये पहा.’ मांडणी करताना जागेच्या सोयीसाठी दोन छायाचित्रांची अदलाबदल झाली आणि आकडा तसाच राहिला, तर वाचणारा भलत्याच अळीच्या डोक्यावर खूण शोधत राहतो. ती दिसत नाही म्हणून तो निर्धास्त राहील, किंवा आहे ती समजून भलते औषध फवारेल. दोन्हींत पोंग्यातली अळी आपले काम करत राहते. पत्रिकेतला प्रत्येक शब्द बरोबर, प्रत्येक छायाचित्र बरोबर; चुकला तो दोहोंना जोडणारा एक आकडा.

तुरीवरचा मर आणि वांझ रोग, सोयाबीनवरची अन्नद्रव्यांची कमतरता आणि विषाणूजन्य पिवळेपणा, ठिबकच्या जोडणीतला वाल्व आणि फिल्टर, विहिरीवरच्या स्टार्टरची वायरिंग : जिथे जिथे मजकूर वाचकाला ‘चित्रात बघ आणि तसे कर’ असे सांगतो तिथे संदर्भ हा सल्ल्याचाच भाग असतो. तो चुकणे म्हणजे सल्ला चुकणे.

प्रबंधांच्या बाबतीत आता आणखी एक गोष्ट घडली आहे. पूर्वी बांधलेला प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात जाई आणि तो पाहणारे मोजके असत. आता भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या कृषिकोश या भांडारात कृषी विद्यापीठांचे प्रबंध पीडीएफ स्वरूपात ठेवले जातात. परभणीचा प्रबंध धारवाडच्या किंवा लुधियानाच्या विद्यार्थ्याला घरबसल्या वाचता येतो. तो विद्यार्थी तुम्हाला फोन करून ‘आकृती ४.७ म्हणजे नेमकी कोणती?’ असे विचारणार नाही. त्याला जे दिसेल ते तो उतरवून घेईल.

५

नावाने संदर्भ देण्याची सोय कोणत्या साधनात कशी आहे, हा पुस्तिकेचा मुख्य भाग. इथे त्याची तोंडओळख करून देतो.

या साधनांपैकी सर्वात जुनी आणि सर्वात पक्की पद्धत लेटेकची. तिच्या मुळाशी असलेली टेक ही प्रणाली डोनाल्ड कनूथ या संगणकशास्त्रज्ञाने तयार केली. १९७७ साली स्वतःच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफे हातात आली, त्यांतली गणिताची जुळणी त्यांना पसंत पडली नाही, आणि त्यांनी अक्षरजुळणीची प्रणालीच लिहायला घेतली. तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी लेटेक उभारली. त्यांचे मार्गदर्शक पुस्तक १९८६चे. लेटेकमध्ये आकृतीला ‘लेबल’ या आज्ञेने नाव द्यायचे आणि मजकुरात ‘रेफ’ या आज्ञेने त्या नावाला बोलवायचे. यंत्र पहिल्या फेरीत कोणत्या नावाला कोणता क्रमांक मिळाला याची नोंद एका वेगळ्या फायलीत करते आणि दुसऱ्या फेरीत ती वाचून आकडे भरते. म्हणून एकदाच चालवले तर आकड्यांच्या जागी दोन प्रश्नचिन्हे दिसतात. नवशिके इथे घाबरतात. घाबरू नये, पुन्हा चालवावे. दुसऱ्या फेरीनंतरही प्रश्नचिन्हे राहिली तर मात्र नाव लिहिताना कुठेतरी चूक आहे असे समजावे.

लेटेकमधला सर्वात फसवा घोटाळा प्रश्नचिन्हे दाखवतच नाही. आकृतीला क्रमांक मिळतो तो तिचा मथळा देणाऱ्या ‘कॅप्शन’ या आज्ञेपाशी. ‘लेबल’ तिच्या आधी लिहिले तर त्या नावाला आकृतीचा क्रमांक न मिळता चालू विभागाचा क्रमांक मिळतो. मजकुरात ‘आकृती ३.२’ असे व्यवस्थित छापून येते, फक्त ते ३.२ असते विभागाचे. कुठलीही सूचना येत नाही. म्हणून नियम : आधी मथळा, मग नाव. दुसरा घोटाळा एका आकृतीची आज्ञा उतरवून दुसरी तयार करताना होतो : चित्र बदलले जाते, मथळा बदलला जातो, नाव जुनेच राहते. एकाच नावाच्या दोन आकृत्या झाल्या की शेवटची जिंकते आणि पहिलीचे सगळे संदर्भ तिच्याकडे वळतात. यंत्र याची सूचना देते, पण ती नोंदवहीच्या फायलीत असते आणि ती फाईल उघडण्याची सवय लावून घ्यावी लागते.

आपल्याकडे बहुतेक प्रबंध वर्डमध्ये होतात, म्हणून वर्डचा भाग मी सर्वात सविस्तर लिहिला आहे. वर्डमध्ये ‘इन्सर्ट कॅप्शन’ने मथळा द्यायचा आणि ‘क्रॉस-रेफरन्स’ने संदर्भ घालायचा. मग मध्ये कितीही आकृत्या येवोत, सगळा मजकूर निवडून एफ-९ दाबले की आकडे ताजे होतात. हे दाबायचे विसरले तर जुनेच आकडे छापले जातात, हा पहिला धोका. सगळा मजकूर निवडला तरी तळटीपा आणि मजकूर-चौकटी त्यात येत नाहीत, हा दुसरा. मथळा दुसऱ्या फायलीतून कापून चिकटवला तर त्याला बांधलेली अदृश्य खूण हरवते आणि संदर्भाच्या जागी ‘एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड’ असे उमटते, हा तिसरा. आणि चित्र व मथळा एकाच परिच्छेदात राहिले व खुणेची हद्द वाढली, तर संदर्भाच्या जागी आख्खे चित्रच येऊन बसते, हा चौथा. या चारांची कारणे आणि उपाय त्या भागात एकेक करून दिले आहेत. अध्यायाचा क्रमांक रोमन आणि आकृतीचा ४.३ असा, ही आपल्या प्रबंधांतली जुनी रीत वर्डला सहज पेलत नाही. त्याची सोय कशी लावायची तेही सांगितले आहे.

मराठी पुस्तके आणि पत्रिका अजूनही अनेक ठिकाणी पेजमेकरमध्ये, युनिकोडपूर्व फॉन्टांत होतात. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची. आकृतीचा क्रमांक नावाला बांधून ठेवण्याची सोय त्यात नाही, म्हणून तिथे हाताने आकडे लिहिण्याला पर्याय उरत नाही. इनडिझाइनमध्ये २००८च्या आवृत्तीपासून संदर्भाची सोय आली आहे. ज्यांना पेजमेकर सोडता येत नाही त्यांच्यासाठी मी एक साधी रीत दिली आहे : मजकूर जुळवताना आकड्याऐवजी आकृतीचे नावच लिहायचे, उदाहरणार्थ ‘आकृती ##पाऊस##’, आणि पाने पक्की झाल्यावर शेवटी एकदाच प्रत्येक नावाच्या जागी आकडा भरायचा. ‘##पाऊस##’ ही ओळ उत्पादनाच्या तक्त्यात सापडत नाही आणि दुसऱ्या आकृतीच्या नावातही सापडत नाही. एखादे नाव भरायचे राहिले तर ते छपाईआधीच डोळ्यांत खुपते. ‘शोधा आणि बदला’चे जे हाल आपण वर पाहिले ते इथे होत नाहीत.

६

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी काही गोष्टी वेगळ्याने सांगायला हव्यात, कारण परदेशी साधनांनी त्यांचा विचार केलेला नाही.

आपल्याकडे विभक्तीचा प्रत्यय आकड्यानंतर येतो : ‘आकृती ४.३मध्ये’, ‘तक्ता ४.१वरून’. यंत्राने घातलेल्या आकड्यापुढे प्रत्यय हाताने लिहायचा असतो आणि तो आकड्याला चिकटून हवा की सुटा, हे संपूर्ण ग्रंथात एकसारखे ठेवायचे असते. ‘आकृती’, ‘तक्ता’ हा शब्दही यंत्राकडून घ्यायचा असेल तर वाक्य अशा रीतीने करावे की तो शब्द मूळ रूपातच राहील. यंत्र ‘तक्ता ४.१’ देईल, त्याचे ‘तक्त्या’ किंवा ‘आकृती’चे ‘आकृत्या’ करणे त्याला जमत नाही. शब्द आणि आकडा यांच्यामध्ये न तुटणारी मोकळी जागा घालावी, म्हणजे ‘आकृती’ एका ओळीच्या शेवटी आणि ‘४.३’ पुढच्या ओळीच्या सुरुवातीला असे होणार नाही.

अंक कोणत्या लिपीतले, हे पहिल्याच दिवशी ठरवावे. काही मराठी पुस्तकांत आंतरराष्ट्रीय अंक असतात, काहींत देवनागरी. दोन्ही चालतात, सरमिसळ चालत नाही. लेटेकमध्ये मराठीसाठी देवनागरी अंकांची सोय आहे आणि मग मथळा, संदर्भ, आकृत्यांची यादी सगळीकडे एकच अंक येतात. आपोआप येणारे अंक एका लिपीत आणि हाताने लिहिलेले दुसऱ्या लिपीत असतील तर कोणता संदर्भ जिवंत आहे आणि कोणता हाताने लिहिलेला, ते तरी ओळखू येते. तपासणीच्या वेळी या खुणेचा उपयोग करून घ्यावा.

‘वरील आकृती’, ‘खालील तक्ता’, ‘शेजारचे छायाचित्र’ हे शब्द तांत्रिक मजकुरातून काढून टाकावेत असे माझे आग्रहाचे मत आहे. लेखकाच्या हस्तलिखितात आकृती वर असते. पान लावताना ती पुढच्या पानावर जाते, रंगीत असेल तर आर्ट पेपरवर छापून वेगळ्या पानांत बांधली जाते, आणि मोबाइलवर वाचणाऱ्याला ‘शेजारी’ असे काही नसतेच. लेखकाने दिशा सांगू नये, नाव सांगावे.

नाव ठेवतानाही विचार करावा. आकृतीचे नाव ‘आकृती-तीन’ ठेवले तर आपण हाकलून दिलेला आकडा मागच्या दाराने परत आला. नाव विषयाचे असावे : ‘पाऊस-साप्ताहिक’, ‘आराखडा-प्रयोग’, ‘अळी-डोके’. चार महिन्यांनी फाईल उघडली तरी ते वाचून आकृती डोळ्यांपुढे आली पाहिजे.

७

यंत्राला एवढे काम दिल्यावर माणसाचे काम संपले असे मात्र कुणी समजू नये. यंत्र फक्त इतकीच हमी देते की ‘पाऊस’ नावाच्या आकृतीला जो क्रमांक मिळाला तोच मजकुरात छापला जाईल. ‘पाऊस’ या नावाखाली खरोखर पावसाचा आलेख आहे का, मजकुरात जे म्हटले आहे ते त्या आलेखात दिसते का, हे यंत्राला ठाऊक नाही. लेखकाने म्हटले की अडतिसाव्या आठवड्यात पावसाने ओढ दिली, तर आलेखात त्या आठवड्याचा स्तंभ खरेच आखूड आहे का, हे माणसालाच पाहावे लागते. मोजणे यंत्राचे काम आणि वाचणे माणसाचे. आजवर आपण मोजण्यात इतके थकून जात होतो की वाचायला वेळच उरत नव्हता. मोजणे यंत्राकडे गेले तर वाचणे आपल्याकडे परत येते. या सगळ्या खटाटोपाचा खरा लाभ तो आहे.

म्हणून पुस्तिकेचा शेवटचा भाग संगणकाचा नाही. तो बांधणीला देण्यापूर्वीच्या तपासणीचा आहे. कागदावर प्रत काढायची. दोन माणसांनी बसायचे. एकाने मजकूर वाचत जायचे आणि प्रत्येक संदर्भापाशी थांबायचे. दुसऱ्याने ती आकृती उघडून तिचा मथळा मोठ्याने वाचायचा आणि मजकुरातले विधान तिच्यात दिसते का ते सांगायचे. मग उलट दिशेने : आकृत्यांची यादी घेऊन प्रत्येक आकृतीचा मजकुरात एकदा तरी उल्लेख आहे का ते पाहायचे. जिचा कुठेच उल्लेख नाही ती आकृती एक तर नको आहे किंवा तिच्याबद्दलचे वाक्य लिहायचे राहिले आहे. शंभर-दीडशे पानांच्या प्रबंधाला ही तपासणी एका बैठकीत होते. ज्या प्रबंधासाठी दोन-तीन हंगाम शेतात घालवले त्याला ही एक बैठक जड नाही.

ही पुस्तिका तीन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. विद्यार्थ्यांनी ती प्रबंध लिहायला बसण्यापूर्वी वाचावी, टाइप होऊन आल्यावर नव्हे. पहिल्या आकृतीला नाव देऊन सुरुवात केली तर शेवटच्या आठवड्यात काही करावे लागत नाही. टाइप आणि मांडणी करणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनी वर्ड आणि पेजमेकरचे भाग हाताशी ठेवावेत, आणि विद्यार्थी हाताने लिहिलेले आकडे घेऊन आला तरी आपण ते नावाला बांधूनच घ्यावेत. त्याला सुरुवातीला थोडा जास्त वेळ लागतो, पण दुरुस्त्यांच्या फेऱ्यांत तो भरून निघतो. मार्गदर्शक प्राध्यापकांना माझी विनंती वेगळी आहे. मसुदा तपासताना आपण निष्कर्ष पाहता, सांख्यिकी पाहता, भाषा पाहता. त्याबरोबर कोणतेही पाच संदर्भ निवडून त्या आकृत्या उघडून पाहाव्यात. विद्यार्थ्यांना कळले की सर पान उलटून पाहतात, तर तेही पाहू लागतील.

ज्यांनी आपले प्रबंध माझ्यावर सोपवले, दुरुस्त्यांसाठी पुन्हा पुन्हा आले आणि प्रत्येक नव्या अडचणीतून मला काहीतरी शिकवून गेले, त्या सर्व विद्यार्थ्यांचा मी ऋणी आहे. या पुस्तिकेतली जवळपास प्रत्येक सूचना त्यांच्यापैकी कुणाच्या तरी प्रबंधात अडल्यामुळे सुचली आहे. वाचकांना इथे न आलेली अडचण भेटली तर त्यांनी जरूर कळवावे. पुढच्या आवृत्तीत तिला जागा मिळेल, आणि मध्ये नवी आकृती आली म्हणून या पुस्तिकेतला एकही संदर्भ हाताने बदलावा लागणार नाही.

परभणी